अक्षरं अडवतात त्या लेकराची शाळा

शिरपूर जैनमधलं एक नऊ वर्षांचं लेकरू डोळ्यांसमोर आणा. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला आलेल्या यात्रेकरूंना ते पवळी मंदिराची वाट दाखवतं. मूर्तीखालून पूर्वी घोडेस्वार आरपार जायचा, ही गावातली कथा ते एकही दुवा न सोडता सांगतं. किराणा आणायला पाठवलं तर तोंडी हिशेब करून उरलेले पैसे बरोबर परत आणतं. पण मंदिराच्या पाटीवरचं नाव वाच म्हटलं की खाली बघतं.

ते नाव जरा त्याच्या डोळ्यांनी बघू. ‘अंतरिक्ष’मध्ये पहिल्याच अक्षराच्या डोक्यावर टिंब. त्याचा उच्चार ‘न’, पण ‘न’ तर कुठे दिसत नाही. ‘रि’ची वेलांटी ‘र’च्या आधी काढलेली आणि ऐकू येते ‘र’च्या नंतर. ‘क्ष’मध्ये ‘क’ आणि ‘ष’ दोघेही आहेत, पण एकाचाही चेहरा ओळखू येत नाही. ‘पार्श्व’मधला ‘र’ आधी बोलायचा, पण तो जाऊन बसलाय पुढच्या जोडाक्षराच्या माथ्यावर. आपल्याला हे जाणवतही नाही, कारण दुसरी-तिसरीपर्यंत आपला मेंदू ही जोडणी विनासायास करायला शिकला. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला आवाज आणि अक्षर यांची गाठ प्रत्येक वेळी नव्याने मारावी लागते. त्यात त्याची सगळी शक्ती खर्च होते आणि ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत ओळीचा अर्थ हातून सुटलेला असतो. याचा बुद्धीशी संबंध नाही, आळसाशी नाही, आई-वडील किती शिकले याच्याशीही नाही. पुष्कळदा हे घराण्यातून आलेलं असतं. वडील किंवा काका ‘शाळेत रमलेच नाहीत’ असं घरात सांगतात, त्यामागेही हेच असू शकतं.

शाळेत मात्र या लेकराबद्दल एकच वाक्य ऐकू येतं : लक्ष देत नाही. आई म्हणते, “पोट्टं हुशार हाय हो सर, पन पुस्तक हातात घेतलं का त्याच्या डोयात पानी येते.” आणि मग ती तोच प्रश्न विचारते जो या वाटेवरचे सगळेच आई-बाप विचारतात : याला कोणत्या शाळेत टाकू?

उत्तर सुरुवातीलाच सांगतो. शिरपूर, मालेगाव, रिसोड, वाशिम या पट्ट्यात ‘डिस्लेक्सियाची शाळा’ अशी पाटी शोधत फिरू नका. त्या शोधात लेकराची दोन वर्षं जातात. अशा मुलासाठी योग्य शाळा बहुतेक वेळा घराजवळचीच असते. तिथला किमान एक शिक्षक त्याच्या शेजारी रोज वीस मिनिटं बसायला तयार हवा आणि मुख्याध्यापकांनी त्या शिक्षकाच्या पाठीशी उभं राहायला हवं. अशी शाळा अर्धी शोधावी लागते आणि अर्धी घडवून घ्यावी लागते. घडवून घेण्याचा हक्क कायद्याने तुम्हाला दिलेला आहे. त्याकडे पुढे येऊच.

त्याआधी एक काम. हे खरंच डिस्लेक्सिया आहे का?

आपल्या भागात वाचता न येणारी सगळी मुलं डिस्लेक्सियाची नसतात, आणि हे नीट वेगळं केलं नाही तर दोन्हीकडची मुलं भरडली जातात. सर्वांत आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळा अंधूक दिसणारं किंवा सततच्या सर्दीने कमी ऐकू येणारं मूलही अक्षरांत अडखळतं. त्यानंतर हजेरी बघा. ऊसतोडीला किंवा कामाला आई-बापांसोबत चार-चार महिने बाहेर राहिलेल्या मुलाला कुणी शिकवलेलंच नसतं, मग ते वाचणार कसं? अशा मुलाला छोट्या गटात बसवून रोज नेटाने शिकवलं की ते दोन-तीन महिन्यांत झपाट्याने पुढे सरकतं. तेवढंच शिकवूनही जे जागचं हलत नाही, त्याची चाचणी करायची.

तिसरी गोष्ट घरची बोली, आणि तिच्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांच्याही ती नजरेतून सुटू शकते. वऱ्हाडीत आपण शाळेला शाया म्हणतो, डोळ्याला डोया, पाण्याला पानी. मुलाने वहीत ‘डोया’ लिहिलं तर तो डिस्लेक्सिया नव्हे. उलट कानावर पडलेला आवाज त्याने अचूक अक्षरात उतरवला आहे. तांड्यावरून येणारं, घरी गोरमाटी बोलणारं लेकरू पुस्तकातल्या मराठीपाशी थबकलं तर त्याला आधी भाषा हवी, प्रमाणपत्र नको. डिस्लेक्सियाच्या खुणा वेगळ्या असतात. ‘घर’चं ‘धर’ होतं, ‘भात’चा ‘मात’ होतो, ‘मगर’ची ‘गमर’ होते. काना-मात्रा जागा बदलतात. जोडाक्षरातलं अर्धं अक्षर गळतं. एकाच पानावर एकच शब्द तीन प्रकारे लिहिलेला दिसतो. काल वाचलेला शब्द आज अनोळखी होतो. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरतं, हे तोंडी विचारलं तरी मूल गोंधळतं, कारण मुळातली अडचण आवाज सुटे करण्यात आहे. पहिलीत अशा चुका सगळीच मुलं करतात. तिसरीतही त्या तशाच राहिल्या, तर जागं व्हायचं.

चाचणीसाठी पहिलं दार शाळेचंच. वर्गशिक्षकांना ‘प्रशस्त’ ॲपबद्दल विचारा. एनसीईआरटीने २०२२ मध्ये आणलेल्या या ॲपवर शिक्षक मुलाच्या अडचणींची प्रश्नावली भरतात आणि पुढे विशेष शिक्षक ती पडताळतात. मालेगाव पंचायत समितीचं (नाशिकचं नव्हे, आपलं वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव) गटसाधन केंद्र हे दुसरं दार. समग्र शिक्षेतल्या समावेशित शिक्षणाचं काम तिथून चालतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक शाळेत तपासणीला येतं, तेव्हाही सांगा. त्यांच्या यादीत अध्ययनाच्या अडचणींचा समावेश आहे. पथक आलं की बहुतेक शाळांत वजन-उंची, दात आणि रक्त कमी आहे का एवढंच बघून होतं, कारण वाचनाची अडचण अंगावर दिसत नाही आणि कुणी ती बोलून दाखवत नाही. त्या दिवशी मुलाची वही घेऊन तुम्ही स्वतः शाळेत जा.

अधिकृत प्रमाणपत्राची वाट मात्र जिल्हा रुग्णालयातून जाते. अर्ज ‘स्वावलंबन’ पोर्टलवर करायचा आणि तपासणी वाशिमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाने ठरवून दिलेल्या दिवशी. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांनंतर मिळतं, आणि पुढे चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. म्हणून सहा वर्षांच्या मुलासाठी रुग्णालयाच्या पायऱ्या झिजवू नका. त्या वयात शिकवणं हाच उपाय. या तपासणीला बालरोगतज्ज्ञासोबत मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षकही लागतात. ते वाशिमला उपलब्ध नसतील तर तोंडी ‘अकोल्याला जा’ एवढ्यावर परत फिरू नका. वरच्या रुग्णालयाच्या नावाने लेखी संदर्भ चिठ्ठी मागा. चिठ्ठी असली की अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपुरात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

खासगीत चाचणी करणार असाल तर दोन गोष्टी पाहा. चाचणी घेणाऱ्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, आणि चाचणी मराठीत होणार आहे का. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी बनवलेली ‘डाली’ ही चाचणी २०१५ पासून हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. झेडपीच्या शाळेत मराठीत शिकणाऱ्या मुलाला इंग्रजी शब्दांची यादी वाचायला देऊन काढलेला निष्कर्ष मी मान्य करणार नाही, तुम्हीही करू नका. उर्दू शाळेतल्या मुलालाही हेच लागू. ज्या भाषेत शिकवलं त्याच भाषेत तपासा.

प्रमाणपत्र मिळालं की कुणीतरी हमखास सुचवतं, विशेष शाळेत टाका. थांबा. आपल्या जिल्ह्यांतल्या विशेष शाळा मुख्यतः मूकबधिर, अंध किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी आहेत. ती कामं मोलाची आहेत, पण डिस्लेक्सियाच्या मुलाची जागा तिथे नाही. त्याची बुद्धी सर्वसामान्य किंवा त्याहून चांगली असते. त्याला इतर मुलांसोबत, त्याच वर्गात, त्याच अभ्यासक्रमात शिकायचं आहे. फक्त वाचायला शिकवण्याची पद्धत आणि परीक्षा घेण्याची रीत बदलायची आहे.

मग शिरपूरच्या पालकापुढे खरे पर्याय कोणते? गावातली जिल्हा परिषदेची शाळा, गावातलं किंवा जवळचं अनुदानित हायस्कूल, मालेगाव-रिसोड-वाशिमकडे व्हॅनने जायची इंग्रजी शाळा, आणि अकोला, अमरावती किंवा थेट पुण्याचं वसतिगृह.

इंग्रजी शाळेचं स्पष्ट सांगतो. मराठीत अडखळणारं मूल इंग्रजी माध्यमात घातल्याने सुधारेल, ही समजूत फार महाग पडते. मराठीची लिपी अवघड असली तरी प्रामाणिक आहे. ‘क’ला काना दिला की तो ‘का’च होतो, दर वेळी. इंग्रजीत ‘पुट’ आणि ‘कट’ या दोन शब्दांत तेच मधलं अक्षर वेगळं बोलतं. डिस्लेक्सियाच्या मुलाला नियम हवा असतो, आणि इंग्रजी त्याला पदोपदी अपवाद देते. त्यात घरी कुणी इंग्रजी बोलणारं नाही, म्हणजे ऐकून समजण्याची त्याची सर्वांत मोठी ताकदही हिरावली जाते. विज्ञान आणि गणित त्याला कदाचित सहज समजलं असतं, पण इंग्रजीत, अगदी सेमी-इंग्रजीतही, ते भाषेच्या आड जातं. आधीच चार-पाच वर्षं इंग्रजी माध्यमात गेलेल्या आणि त्यातच बऱ्यापैकी बोलणाऱ्या मुलाचं माध्यम घाईने बदलू नका, तो निर्णय चाचणीचा अहवाल समोर ठेवून घ्या. पण पहिली ते तिसरीचं लेकरू असेल तर मराठी माध्यम, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पहिलीपासून तिसरी भाषा लादण्याचे शासन निर्णय सरकारने जून २०२५ मध्ये मागे घेतले, तेव्हा वाद अस्मितेचा झाला. या मुलांसाठी मात्र एकेक जादा लिपी-भाषा म्हणजे वर्षभराचं ओझं असतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद आहे ती यासाठीच.

पंचवीस टक्के प्रवेशाबद्दलही थोडं. शिक्षण हक्क कायद्यातल्या या जागांत दिव्यांग बालकं वंचित गटात येतात, पण प्रवेश पहिलीला किंवा त्याआधी होतो आणि अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर मिळतं. म्हणून डिस्लेक्सियाच्या आधारावर हे दार उघडत नाही.

वसतिगृहाचं आकर्षण काही अंशी एका चित्रपटानेही वाढवलं. २००७ च्या ‘तारे जमीं पर’ने घराघरांत डिस्लेक्सिया हा शब्द पोचवला, त्याबद्दल त्याचे उपकारच आहेत. पण पाहणाऱ्यांच्या मनात त्यातली पाचगणीची निवासी शाळा आणि तिथले शिक्षक निकुंभ सर एकत्र राहिले. चित्रपट नीट आठवा. घरापासून तुटल्याने ते मूल आणखी मिटलं होतं. त्याला सावरलं एका शिक्षकाने. नऊ-दहा वर्षांच्या डिस्लेक्सिक मुलाला घरापासून दूर ठेवणं हा मला शेवटचा पर्याय वाटतो, कारण रोजची पंधरा मिनिटं सोबत वाचणारी आई, आजी किंवा ताई कोणतंही वसतिगृह देऊ शकत नाही. व्हॅनचंही तसंच. सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास प्रवासात गेले की दमलेलं लेकरू घरी पुस्तक उघडणार कधी?

म्हणून पहिली नजर गावातल्या शाळेवर टाका. निकालाचे फलक आणि शिष्यवृत्तीधारकांचे फोटो पाहून शाळा ठरवू नका. एक दिवस सकाळी वर्ग सुरू असताना जा आणि मागे उभे राहा. प्रकट वाचन चालू असेल आणि एखादं मूल अडकलं, तर पुढच्या दहा सेकंदांत काय होतं ते बघा. वर्ग हसतो का? शिक्षक हसू देतात का? की ते शांतपणे तो शब्द स्वतः वाचून पुढे नेतात? हे दहा सेकंद त्या शाळेबद्दल माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगतात. मग परवानगी घेऊन मुलांच्या चार वह्या चाळा. प्रत्येक ओळीवर लाल फुल्या असतील आणि शिक्षेचे ‘दहा वेळा लिहा’ असतील, तर तिथे तुमच्या लेकराला रोज तेच मिळणार. फळ्यावरून वहीत उतरवून घेण्यातच तास संपतो का, हेही बघा. अशा मुलाला तेच सर्वांत जड जातं.

मुख्याध्यापकांना मोजकेच प्रश्न विचारा. तोंडी उत्तर चालेल का? वाचून दाखवायला सगळ्यांसमोर उभं करणार नाही ना? कविता पाठ म्हटली आणि लिहिता आली नाही तर गुण कसे देता? मागच्या काही वर्षांत दहावीला कुणाला लेखनिक दिला होता का, आणि त्याचा प्रस्ताव कुणी केला होता? शेवटच्या प्रश्नाला ‘आमच्याकडे असली मुलं नाहीत’ असं उत्तर आलं तर समजा की मुलं आहेत, कुणी ओळखलेली नाहीत. तेवढ्यावरून ती शाळा रद्द करू नका. उत्तर देताना त्यांच्या चेहऱ्यावर कुतूहल आलं की कंटाळा, ते बघा. न कळणारा पण शिकायला तयार असलेला शिक्षक मला चालेल. सगळं माहीत आहे म्हणून ऐकून न घेणारा चालणार नाही.

लहान पटाच्या शाळेकडे पालक नाक मुरडतात. या मुलांसाठी मी तीच निवडेन. वीस मुलांच्या वर्गात शिक्षकाला प्रत्येकाची वही माहीत असते. साठ मुलांच्या नामांकित शाळेत हुशारीने गप्प बसणारं मूल वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही.

आता हक्क. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आहे, आणि डिस्लेक्सिया तिच्यात नावानिशी आहे. कलम १६ प्रमाणे शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे आणि मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून शिकवण्याचे योग्य उपाय करायचे आहेत. म्हणजे ओळखण्याची जबाबदारी शाळेचीही आहे. ‘तुमचं मूल आमच्या शाळेला झेपणार नाही, दाखला घेऊन जा’ असं कुणी म्हटलं तर त्यांना हे कलम लिहून दाखवा आणि नकार लेखी मागा. लेखी म्हटल्यावर बहुतेक नकार विरघळतात. नाहीच विरघळला तर मालेगावचे गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, आणि त्यापुढे पुण्याचे दिव्यांग आयुक्त, अशी पायरी आहे.

राज्य सरकारने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं निर्माण करण्याचा निर्णय घेतला. केंद्र म्हणजे आपल्या आसपासच्या काही शाळांचा गट. तेव्हा केंद्रप्रमुखांना सरळ विचारा की आपल्या केंद्राला विशेष शिक्षक मिळाले का, ते शिरपूरच्या शाळेत आठवड्यातून कोणत्या वारी येतात, आणि माझ्या मुलासोबत किती वेळ बसतात. वार आणि वेळ ठरल्याशिवाय ही मदत कागदावरच राहते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथे हा विषय मांडा. एका आईने विचारलं तर ती तक्रार वाटते. समितीने विचारलं तर ती बैठकीच्या इतिवृत्तात जाते. शाळेच्या यूडायस नोंदीत मुलाच्या नावापुढे योग्य प्रकार टाकला गेला आहे का, तेही बघून घ्या. बऱ्याच सवलती आणि साहित्य त्या नोंदीवरून ठरतात.

विशेष शिक्षक काय करतात, हे तुम्हाला ठाऊक असावं, म्हणजे नुसता वेळ जातोय की काम होतंय ते कळेल. ते पुन्हा पहिल्या धड्यापासून पाठ करून घेत नाहीत. आवाज सुटे करायला शिकवतात, एका वेळी एकच आकार घेतात, आणि तो डोळ्यांनी, कानांनी, हातांनी, सगळीकडून पक्का करतात. ताटलीतल्या ज्वारीच्या पिठात बोटाने ‘घ’ काढायचा, काढताना मोठ्याने म्हणायचं, मग डोळे मिटून काढायचा. ‘घ’ पक्का झाल्याशिवाय ‘ध’कडे जायचं नाही. हे घरीही होतं आणि त्याला खर्च नाही. टॉनिक, रंगीत चष्मे, मेंदू जागृत करण्याचे वर्ग यांनी वाचन सुधारत नाही. तो पैसा चांगल्या गोष्टीच्या पुस्तकांवर घाला आणि ती त्याला वाचून दाखवा. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात आणि मोबाइल ती मराठीत वाचूनही दाखवतो. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, डिस्लेक्सियाची मुलंही त्यात सदस्य होऊ शकतात. इतिहासाचा धडा कानाने ऐकून समजला तर तो समजलेलाच असतो.

शाळा बदलण्याची जागा सावधपणे ओलांडा. चौथीनंतर किंवा सातवीनंतर मूल झेडपी शाळेतून हायस्कूलला जातं, आणि प्राथमिकच्या बाईंनी तीन वर्षांत जे ओळखलं ते नव्या सरांपर्यंत पोचतच नाही. म्हणून घरी एक फाइल करा. तारखा टाकलेल्या वहीची पानं, चाचणीचा अहवाल, प्रमाणपत्राची प्रत, दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्या, आणि त्याला काय चांगलं येतं याचं एक पान. हे शेवटचं पान विसरू नका. हायस्कूलच्या पहिल्याच आठवड्यात ही फाइल वर्गशिक्षकांच्या हातात द्या. पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून आपल्या राज्यात वार्षिक परीक्षा आहे, आणि पुनर्परीक्षेतही न जमल्यास मूल त्याच वर्गात राहू शकतं. त्यामुळे सवलती दहावीलाच लागतात असं समजू नका. इयत्ता पहिली ते बारावीसाठीच्या सवलतींचा शासन निर्णय ऑक्टोबर २०१८ चा आहे, तो मुख्याध्यापकांना दाखवा.

दहावीच्या बाबतीत महाराष्ट्राने चांगली सुरुवात फार आधी केली. १९९६ मध्येच आपल्या राज्याने अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली होती, आणि त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. म्हणजे मुंबईतल्या मुलांना जे तीस वर्षांपूर्वी मिळू लागलं, ते शिरपूरच्या मुलाला अजून मागून घ्यावं लागतं. मला ही गोष्ट बोचते. सवलत सरकारने दिलेली असते, पण तिची माहिती मालेगावच्या पुढे सरकत नाही, आणि दरवर्षी काही मुलं नुसत्या माहितीअभावी नापास होतात. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, गणितात कॅल्क्युलेटर, भाषेतून सूट अशा गोष्टी मागता येतात. केंद्राच्या २०१८ च्या परीक्षाविषयक सूचनांत जादा वेळ ताशी किमान २० मिनिटं धरला आहे. आपला जिल्हा अमरावती विभागीय मंडळात येतो. प्रस्ताव शाळेमार्फत तिकडे जातो आणि त्यासाठी मुदतीत असलेलं प्रमाणपत्र लागतं. चौदाव्या वर्षीची फेरतपासणी म्हणूनच महत्त्वाची. आठवी-नववीतच ती उरकून घ्या. दहावीच्या जानेवारीत धावाधाव केलीत तर कुणाचाच इलाज चालत नाही. लेखनिक मिळणार असेल तर सहामाही परीक्षेपासून त्याच्यासोबत सराव करू द्या, कारण तोंडी सांगून लिहून घेणं हीसुद्धा शिकायची कला आहे.

एवढं करूनही नेहमीच्या शाळेत जीव गुदमरत असेल तर बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म आहे, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, जिथे दहावी मराठीतून आणि विषय थोडे थोडे करून देता येते. हा हरलेल्यांचा रस्ता नाही. पण दहावीच्या आधी, मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा होईपर्यंत, त्याला वर्गातून आणि मित्रांतून काढू नका.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्याच आठवड्यात साध्या कागदावर मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहा : माझा मुलगा / मुलगी अमुक इयत्तेत शिकतो / शिकते, त्याला / तिला वाचन-लेखनात अशा अशा अडचणी आहेत, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ प्रमाणे त्याची / तिची तपासणी करावी, विशेष शिक्षकांची मदत द्यावी आणि मूल्यमापनात सवलती द्याव्यात. अर्जाच्या दोन प्रती करा. एक शाळेत द्या. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घेतल्याशिवाय शाळेतून निघू नका.